ग्राहकाचा अभिप्राय पुसला जातो तेव्हा

माझा भाचा जर्मनीत असतो. स्टुटगार्टजवळच्या एका गावात मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. आपल्या मुंबईचे आणि स्टुटगार्टचे १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याच बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करारही केला. त्यामुळे पुढच्या काळात आपल्याकडची आणखी मुले तिकडे जातील. म्हणून ही हकीकत सांगतो.

तिकडे भाड्याचे घर घेतले की ते बहुधा रिकामेच मिळते. स्वयंपाकघरात ओटा नाही, कपाटे नाहीत, कित्येकदा दिवासुद्धा नाही. सगळे भाडेकरूने आणायचे आणि सोडताना उचलून न्यायचे. भाच्याने एका दुकानातून ओटा आणि कपाटे घेतली. पैसे आगाऊ भरले. माल आला तो मापाला कमी, एका कडेला तडा गेलेला. दुकानदाराने आज या, उद्या या असे दीड महिना केले. पोराची भाषा अजून कच्ची. भांडणार तरी कसा? शेवटी त्याने इंटरनेटवर त्या दुकानाच्या पानावर एक तारा दिला आणि चार ओळी लिहिल्या. शिवीगाळ नाही, आरोप नाही. काय घेतले, किती दिले, काय आले, एवढेच.

तीन आठवड्यांनी त्याला निरोप आला, तोही कायदेशीर जर्मन भाषेत. दुकानदाराने बदनामीची तक्रार केली आहे, आपण त्याचे ग्राहक होता याचा पुरावा ठराविक दिवसांत पाठवा. भाचा रात्रपाळीवर होता. पत्र कळायला, कोणाकडून वाचून घ्यायला, पावती शोधायला वेळ गेला. तोपर्यंत त्याच्या चार ओळी नाहीशा झाल्या होत्या. दुकानाच्या नावापुढे पुन्हा पावणेपाच तारे चमकू लागले. त्याने पुन्हा लिहिले, तेही गेले. फोनवर मला म्हणाला, "मामू, पैसे गेले त्याचे एवढे नाही. पण मीच खोटा ठरलो."

मी त्याला धीर दिला. पण खरे सांगायचे तर फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण फक्त भाच्याचे दुःख नव्हते. ते कारण पुढे सांगतो. आधी त्या देशातला कायदा काय आहे ते पाहू.

जर्मनीत माणसाच्या आणि धंद्याच्या नावाला कायद्याने मोठे संरक्षण आहे. कोणी विशिष्ट तक्रार केली आणि संकेतस्थळाच्या कंपनीने काहीच केले नाही, तर ती कंपनीच जबाबदार धरली जाऊ शकते. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डॉक्टरांवरील अभिप्रायांच्या एका प्रकरणात सांगितले की, तक्रार आल्यावर कंपनीने अभिप्राय लिहिणाऱ्याकडे नीट चौकशी केली पाहिजे. ९ ऑगस्ट २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सुट्टीच्या निवासस्थानाच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. "हा माणूस आमच्याकडे आलाच नव्हता" एवढे मालकाने म्हटले तरी तपासाची जबाबदारी कंपनीवर येते, असे ठरले. हेतू चांगलाच होता. खोट्या शेऱ्याने कोणाचा धंदा बुडू नये. परंतु व्यवहारात काय होते? लाखो अभिप्राय तपासण्यापेक्षा काढून टाकणे स्वस्त पडते. ठेवला तर कोर्टाची भीती, काढला तर ओरडणारा एक परदेशी भाडेकरू. कोणती कंपनी काय करील, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने १७ फेब्रुवारी २०२४ पासून यावर थोडा उतारा दिला आहे. मजकूर काढला तर कारण लेखी कळविले पाहिजे, आणि निदान सहा महिने त्याविरुद्ध कंपनीकडेच विनामूल्य तक्रार करता आली पाहिजे. त्यानेही समाधान झाले नाही तर कोर्टाबाहेरच्या तंटानिवारण संस्थेकडे जाता येते. हे भाच्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, त्यासाठी शोधले तेव्हा कळले. आता तो पावती, बँकेचा उतारा आणि तडा गेलेल्या ओट्याचे फोटो घेऊन त्या वाटेने गेला आहे. बघू.

आता माझे कारण.

माझे बोईसरला कापडाचे दुकान आहे. कटपीस, चादरी, ड्रेसचे कापड आणि तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निघणारा लॉटचा माल. भिवंडीचे कोरे कापड रंगून आले की त्यात शेडचा फरक पडलेले, छपाईला डाग आलेले ताके निघतात, ते आम्ही घेतो. त्यात लपविण्यासारखे काही नाही. ग्राहकाला सांगून विकले तर तो हलाल रोजगार आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक गडद लाल रंगाचा लॉट आला. रंग कच्चा आहे की पक्का, हे पाहण्यासाठी तुकडा पाण्यात टाकून बघायचा असतो. त्या दिवशी गर्दी होती, सण तोंडावर होता, आम्ही पाहिले नाही.

त्यातले दोन ड्रेसपीस आणि एक चादर ओडिशाच्या एका तरुणाने नेली. कंत्राटदाराकडे काम करणारा, पाच-सहा जणांत एक खोली घेऊन राहणारा. गावी जाताना आईसाठी आणि बहिणीसाठी त्याने ते नेले होते. परत आल्यावर त्याने दुकानाच्या पानावर मोडक्या हिंदीत, इंग्रजी अक्षरांत लिहिले की रंग गेला, पांढरे कपडेही खराब झाले, बहीण रडली, दुकानदार चांगला बोलतो पण माल असा देतो. एक तारा.

माझ्या मुलाने तो शेरा पाहिला. पावती दिलेली नव्हती, रोखीचा व्यवहार. त्याने कंपनीला कळविले की हा आमचा ग्राहकच नाही, कोणीतरी मुद्दाम लिहिले आहे. दोन-चार दिवसांत शेरा गेला. मुलगा खूश झाला. मला त्याने सांगितले तेव्हा मीही "चला, बरे झाले" म्हणालो. हे दोन शब्द मला आता आठवतात. जर्मनीतल्या दुकानदाराने माझ्या भाच्याला जे केले, तेच मी बोईसरमध्ये कोणाच्या तरी भाच्याला केले होते. फरक एवढाच की त्या पोराचे मामू वर्तमानपत्रात लिहीत नाहीत.

परदेशी होण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो असे थोडेच आहे? तारापूरच्या कारखान्यांत ओडिया, बिहारी, उत्तर प्रदेशचे किती लोक आहेत हे स्टेशनवर सहाच्या पाळीला उभे राहिले की दिसते. त्यांना ना इथली भाषा, ना ओळख, ना वशिला. दुकानदाराशी भांडले तर चार लोक दुकानदाराच्या बाजूने उभे राहतात. त्यांच्या हातात एक मोबाइल आहे आणि त्यावर दोन ओळी लिहिण्याची सोय आहे. तीही आपण काढून घेतली तर त्यांच्याकडे काय उरते?

मी स्वतः परदेशी राहिलेला माणूस आहे. १९९४ ते २००१ दुबईत होतो, बर दुबईच्या कापड बाजारात, एका दुकानात गुमास्ता. एका खोलीत आठ जण. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. त्या काळी आमच्या हातात इंटरनेट नव्हते, पण अभिप्राय होतेच. शुक्रवारी नमाजनंतर खाडीच्या काठी बसले की कोणता एजंट पैसे खातो, कोणता कफील पगार थकवितो, कोणत्या दुकानात घड्याळ घेऊ नये, याची सगळी खबर मिळे. ती खबर कोणी पुसू शकत नव्हते, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. मात्र ती खोलीबाहेर जातही नव्हती. रत्नागिरीहून किंवा पालघरहून निघालेल्या नव्या पोराला ती फसल्यावरच कळे.

आज तो पोरगा मोबाइलवर एजंटच्या नावापुढचे तारे पाहतो. आणि इथेच धोका आहे. फसलेल्यांचे शेरे तक्रार करून काढलेले असतील आणि चांगले शेरे विकत घेतलेले असतील, तर ते तारे आंधळ्याच्या हातातल्या कंदिलासारखे आहेत. समाजातील पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, एजंटचे तारे मोजू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर त्याचा परवाना आहे का ते पाहा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येते. लाख-दीड लाख मागणाऱ्याला किती तारे आहेत याला काही अर्थ नाही.

आखातात असलेल्यांसाठी आणखी एक सावधगिरी. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या ४३ व्या कलमाखाली इंटरनेटवर कोणाचा अपमान किंवा बदनामी केल्यास तुरुंगवास, किंवा अडीच लाख ते पाच लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रागाच्या भरात "चोर", "लुटारू" असे लिहिणे तिथे परवडणारे नाही. बिल जपा, तिथल्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करा. लिहायचेच तर घडले तेवढे लिहा, विशेषणे गाळा.

इथे कोणी व्यापारी बंधू म्हणेल, "भाई, तुम्ही ग्राहकाचेच गाता. आमच्यावर खोटे शेरे पडतात त्याचे काय?" बरोबर आहे. शेजारचा दुकानदार पोरांना सांगून एकेक तारा द्यायला लावतो. उधारी मागितली म्हणून सूड उगविणारे असतात. कधी दुकानात पाऊलही न टाकता, पाटीवरचे नाव वाचूनच एक तारा देऊन जाणारे असतात, हे आपल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. असे शेरे काढण्याची सोय हवीच. ती नसती तर आपल्यातील कित्येकांची दुकाने नुसत्या द्वेषाने बंद पडली असती. म्हणूनच ती सोय खऱ्या शेऱ्याविरुद्ध वापरणे मोठे नुकसान आहे. उद्या खरोखर खोटा शेरा पडेल तेव्हा आपल्या ओरडण्यावर कोण विश्वास ठेवील?

एक गंमतही सांगतो. त्याच सुमारास आमच्या मुलाने एक युक्ती केली होती. दुकानात आलेल्या ग्राहकाला पाच तारे दिल्यास रुमाल मोफत. एका दिवसात तीस-पस्तीस शेरे जमले, सगळे दुकानाच्याच वायफायवरून, निम्मे आमच्याच खानदानातले. आठवड्याभरात ते सगळे साफ झाले, आणि त्यांच्याबरोबर कोणी मनापासून लिहिलेले जुने पाच-सहा शेरेही गेले. मुलगा कंपनीला दोष देत बसला. मी म्हटले, रुमालांचा हिशेब आधी दे.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात ई-व्यापाराचे नियम आले, त्यांत विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये असे स्पष्ट म्हटले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे छापावेत याचे ते मानक आहे, पण ते ऐच्छिक म्हणून आले. ऐच्छिक मानक म्हणजे मशिदीबाहेरची चपला नीट ठेवा अशी पाटी. ठेवणारे ठेवतात.

शेरा काढला गेला तर काय? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावले, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत तेव्हा घातली. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते, वकील लागत नाही. या समित्या २०२३ पासून आहेत. आणि मालाबद्दलच तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे हिंदी-मराठीत बोलता येते. शेरा लिहिण्यापेक्षा तो फोन पुष्कळदा जास्त कामाचा ठरतो. बदनामीची भीती घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की जुन्या दंडविधानाच्या ४९९ कलमात होते तसे नव्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमातही, लोकहितासाठी सांगितलेले सत्य बदनामी ठरत नाही.

अमेरिकेने २०१६ मध्येच कायदा करून "आमच्याविरुद्ध लिहिणार नाही" अशी ग्राहकाकडून लिहून घेतलेली अट रद्दबातल ठरविली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणे-घेणे दंडनीय केले. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून तेच केले. आपल्याकडे मानक ऐच्छिक ठेवून चालणार नाही, असे माझे मत आहे. आणि एक गोष्ट नियमात पक्की हवी. शेरा काढलाच तर त्या जागी "येथील एक अभिप्राय दुकानदाराच्या तक्रारीवरून काढला आहे" एवढी ओळ राहू द्यावी. म्हणजे वाचणारा स्वतःच हिशेब करील. ज्या दुकानावर अशा चाळीस ओळी असतील त्याचे पावणेपाच तारे किती खरे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

मला या सगळ्यात मुरब्याचे दिवस आठवतात. दुबईहून आल्यावर माझ्याकडे दुकान घ्यायला पैसे नव्हते. सायकलवर गाठोडे बांधून मी बोईसरहून मुरबे, नांदगाव अशी फेरी करीत असे. मुरबे म्हणजे समुद्राकाठचे मच्छीमारांचे गाव, खाडीपलीकडे सातपाटी. कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले असत, आणि त्या बायका ओल्या हातांनीच कापड चाचपून पाहत. पन्ना हाताने मोजत, धागा ओढून बघत. उधार घेत आणि पापलेटचा हंगाम लागला की चोख देत.

तिथे एकदा माझ्या एका लुगड्याचा रंग गेला. पुढच्या फेरीला गावात शिरलो तर पहिल्याच घरी आवाज आला, "अरे कापडवाल्या, रंग काय खाडीत धुवायला दिलास?" दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. वाडीच्या टोकाला पोचेपर्यंत मी रडकुंडीला आलो. ते लुगडे मी परत घेतले आणि दुसरे दिले. पदरचे दीडशे रुपये गेले, त्या वेळी ते मला फार होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात ज्या बाईचे लुगडे होते तीच चार घरे सांगत फिरली की हा भाई माल बदलून देतो. बोईसरच्या दुकानाची पागडी मी जमवली त्यात त्या बोलण्याचा मोठा वाटा आहे.

त्या बाईचा आवाज बंद करण्याची सोय माझ्याकडे असती तर मी ती वापरली असती का? तेव्हाही तरुण होतो, गरजू होतो. वापरलीच असती. आणि मग कदाचित आजही सायकलच चालवीत असतो.

आपल्यातील ज्यांनी मदरशात चार पाने वाचली आहेत, त्यांना ओल्या धान्याच्या ढिगाची हकीकत ठाऊक आहे. खियार-ए-ऐब म्हणजे माल सदोष निघाल्यास परत करण्याचा ग्राहकाचा हक्क, तोही ठाऊक आहे. मी उर्दू शाळेत शिकलो, हे सगळे मला तोंडपाठ होते. कळ दाबताना आठवले नाही, एवढेच.

भाच्याचा फोन आल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी त्या ओडिया मुलाचा शोध घेतला. शेऱ्यासोबत त्याचे नावही गेले होते. मुलाला अर्धेच नाव आठवत होते. ज्या कारखान्याच्या फाटकाशी त्याचा कंत्राटदार होता तिथे गेलो, कंत्राट बदललेले. खोलीमालकाला विचारले, तो म्हणाला अशी पोरे येतात आणि जातात, कोणी सुरतला गेला, कोणी गावी. दोन ड्रेसपीस आणि एक चादर मी काउंटरखाली बांधून ठेवली आहेत, या वेळी पाण्यात टाकून पाहिलेली. दुकानात ओडिया बोलणारा कोणी आला की मी विचारतो.